भूल चालू असताना शरीराचा ताण : बोटावरच्या प्रोबवरून किती कळतं?

प्रश्न असा आहे. उपजिल्हा रुग्णालयाच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नवा मल्टिपॅरा मॉनिटर आला आहे. त्यावर एसपीओटूच्या (रक्तातल्या ऑक्सिजनच्या) आकड्याखाली प्लेथची, म्हणजे ठोक्यागणिक बोटात येणाऱ्या रक्ताची, लाट धावते आणि बाजूला ‘पीआय’ नावाचा एक आकडा दिसतो. पूर्ण भूल दिलेल्या, स्नायू शिथिल केलेल्या रुग्णाच्या शरीराला शस्त्रक्रियेचा ताण बसतोय का, हे या लाटेवरून ओळखता येईल का? की कंपनीवाले दाखवतात तो वेगळा, महागाचा मॉनिटरच घ्यावा लागेल? विचारणाऱ्या डॉक्टरांनी लाइफ सेव्हिंग ॲनेस्थेशिया स्किल्सचं (एमबीबीएस डॉक्टरांना भूल शिकवणारं) १८ आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेलं आहे. भूलतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतात, बाकीचे दिवस सिझेरियन हेच बघतात.

डॉक्टर, ओळखता येतं. फक्त त्याआधी मॉनिटरमधली एक सेटिंग बदलावी लागते, आणि लाट बारीक झाली की लगेच फेंटानिल (जोरदार वेदनाशामक) भरायची सवय लागू द्यायची नाही. लाट बारीक होण्याचं कारण रक्तस्राव असेल आणि तुम्ही ताण समजून फेंटानिल दिलं, तर बीपी हातातून जातं. म्हणून या उत्तरात जास्त जागा त्या फरकाला दिली आहे.

आधी प्रोब काय करतो ते. त्यात दोन एलईडी असतात, एक लाल (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि एक अवरक्त (साधारण ९४० नॅनोमीटर). बोटातून पलीकडे पोचलेला उजेड फोटोडायोड मोजतो. हाड, कातडी, शिरांतलं रक्त यांनी शोषलेला भाग जवळपास स्थिर राहतो. प्रत्येक ठोक्याला धमनीत रक्त येतं तेवढ्यापुरता उजेड थोडा कमी होतो, तो हलता भाग. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीत ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमेट्रीचं तत्त्व मांडलं ते याच हलत्या भागावर. त्याआधीच्या त्यांच्या प्रयोगांत तो नको असलेला अडथळा होता. अवरक्त उजेडाच्या हलत्या भागाला स्थिर भागाने भागून शंभराने गुणलं की पीआय, म्हणजे परफ्युजन इंडेक्स. बऱ्याच मॉनिटरांवर तो ०.०२ ते २० पर्यंत दिसतो.

आता ताणाचा संबंध. चीर दिली, श्वासनलिकेत ट्यूब टाकायला घशात लॅरिंगोस्कोप घातला, पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) ओढलं की सिम्पथेटिक नसा, म्हणजे नाडी वाढवणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा, चाळवतात. रुग्ण बेशुद्ध असला तरी हा प्रतिसाद येतो, कारण तो मेंदूच्या खालच्या भागातून आणि मज्जारज्जूतून चालतो. बोटाच्या कातडीत धमनी आणि शीर थेट जोडणाऱ्या बारीक वाटा पुष्कळ असतात आणि त्यांच्यावर सिम्पथेटिक नसांचा जबर ताबा असतो. ओलिताच्या पाटाचं पाणी दुसरीकडे वळवायला वाफ्याचं तोंड बंद करावं, तसं शरीर बोटांकडचं रक्त आवळून घेतं. लाटेची उंची काही सेकंदांत उतरते. बीपीचा कफ आपण तीन किंवा पाच मिनिटांनी फुगवतो. त्या दोन वाचनांच्या मधल्या काळात रक्तवाहिन्या आवळल्या की नाही याची ठोक्यागणिक माहिती देणारं आपल्या ओटीत दुसरं काही नाही. प्लेथचं खरं मोल तिथे आहे.

याच कारणामुळे प्रोब कुठे लावता याला महत्त्व आहे. कानाच्या पाळीवर सिम्पथेटिक ताबा कमी असतो. थंड पडलेल्या रुग्णाचा एसपीओटू कानावर चांगला मिळतो तो त्यामुळेच, आणि ताण ओळखायला कान निरुपयोगी ठरतो तोही त्यामुळेच. कपाळाच्या प्रोबचंही तेच. हाताचं मधलं किंवा अनामिका बोट घ्या, बीपीचा कफ असलेला हात सोडून. त्याच हाताला सलाईन चालू असेल तर, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, गार द्रव पदार्थाने हात थंड होतो आणि पीआय पडतो. म्हणून जमल्यास सलाईन कफच्या हाताला आणि प्रोब दुसऱ्या हाताला. हा हात गॅमजीत (कापसाच्या जाड पट्टीत) गुंडाळा, वरून हिरवं कापड टाका. त्याने ऊबही राहते आणि ओटीच्या दिव्याचा किंवा खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा उजेडही अडतो. कापूस वेचणाऱ्या, धान रोवणाऱ्या बायांच्या बोटांना भेगा आणि घट्टे असतात. त्यांचं करंगळीकडचं मऊ बोट जास्त चांगली लाट देतं. मेहंदी काळपट असेल किंवा नखाला पॉलिश असेल तर प्रोब आडवा फिरवून बोटाच्या बाजूंनी लावा.

मग ती सेटिंग. बहुतेक मॉनिटर प्लेथची लाट स्वतःच मोठी करून दाखवतात. खरी लाट निम्मी झाली तरी पडद्यावर ती तेवढीच उंच दिसते. तुमच्या मॉनिटरचं असं आहे का हे स्वतःच्या बोटावर तपासा : प्रोब लावा, दुसऱ्या हाताने दंड थोडा आवळून धरा. पीआय उतरला आणि लाट तेवढीच राहिली तर ऑटो गेन चालू आहे. एसपीओटूच्या मेनूत ‘गेन’, ‘साइज’ किंवा ‘स्केल’ असा पर्याय असतो, तिथे ‘ऑटो’ काढून ठरावीक आकडा ठेवा. तो पर्याय नसेल तर लाटेच्या उंचीकडे बघूच नका, फक्त पीआयचा आकडा वाचा. लाटेचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असतो, तो ६.२५ वर आणला तर पडद्यावर जास्त ठोके एकदम मावतात आणि उंची उतरतेय की चढतेय हे लांबूनही दिसतं.

पीआयचा एकटा आकडा फार काही सांगत नाही. जाग्या माणसाचा एक असू शकतो, दुसऱ्याचा पाच. प्रोपोफोल (शिरेतून द्यायचं भुलेचं औषध) गेलं की रक्तवाहिन्या सैल होतात आणि तो वाढतो, आयसोफ्लुरेन या भुलेच्या गॅसनेही वाढतो. म्हणून बेसलाइन भूल देण्याआधीची धरायची नाही. ट्यूब टाकून झाली, गॅस स्थिर झाला, चीर द्यायला अजून वेळ आहे, अशा तीन ते पाच मिनिटांत जो आकडा टिकून राहतो तो ॲनेस्थेशिया चार्टवर लिहा. पुढे प्रत्येक बीपीसोबत पीआयचा एक रकाना. माझा कामाचा नियम असा : चीर किंवा ओढाताणीनंतर अर्ध्या मिनिटाच्या आत पीआय बेसलाइनच्या एक तृतीयांशाहून जास्त उतरला आणि नाडी दहा-पंधरा टक्क्यांनी चढली, तर तो ताण धरा. दोन्ही हवेत. नुसता पीआय उतरला तर आधी हाताला हात लावून बघा. गार असेल तर उत्तर तिथेच मिळालं. लाटेच्या उतारावरची खाच, डायक्रोटिक नॉच, तीही बघत राहा. रक्तवाहिन्या आवळल्या की ती वर सरकते, सैल झाल्या की खाली जाते. कॉटरी (विजेवर चालणारं, रक्तस्राव थांबवणारं उपकरण) चालू असताना यातलं काहीच वाचू नका. कॉटरी थांबल्यावर पाच-दहा सेकंद जाऊ द्या.

सर्वांत मोठी उडी लॅरिंगोस्कोपीला दिसते. आपल्या भागात खर्रा खाणाऱ्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, लॅरिंगोस्कोप जास्त वेळ आत राहतो आणि ताण तेवढा वाढतो. ५० किलोच्या रुग्णाला फेंटानिल किलोमागे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधलं २ मिलिलिटर, लॅरिंगोस्कोपीच्या तीन ते पाच मिनिटं आधी द्यायचं. ट्यूब घालायच्या क्षणी दिलेलं फेंटानिल त्या क्षणाला कामी येत नाही, ते नंतर, चीर द्यायच्या आधीच्या शांत काळात बीपी पाडतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं लिग्नोकेन किलोमागे १.५ मिलिग्रॅम, दीड मिनिट आधी, हा जोडीचा किंवा फेंटानिल नसतानाचा उपाय. सिझेरियनला पूर्ण भूल द्यायची वेळ आलीच तर बाळ बाहेर येईपर्यंत ओपिऑइड (फेंटानिलसारखी वेदनाशामकं) सहसा टाळतात. तीव्र प्री-एक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजारात) मात्र लॅरिंगोस्कोपीची बीपीची उडीच मेंदूत रक्तस्राव करू शकते, तिथे बीपी उतरवणारं लॅबेटॅलॉल हाताशी हवं आणि वरिष्ठांशी आधी बोलणं हवं. या बायांचा पीआय मुळातच कमी असतो, मॅग्नेशियमने तो वाढतो. त्यांच्यात पीआयवर निर्णय घेऊ नका.

आता तो फरक. पीआय उतरला, नाडी चढली. दोन वेगळ्या आजारांचं हे एकच चित्र आहे. फुटलेल्या एक्टोपिकची (गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाची) बाई ओटीत येते तेव्हा तिचा पीआय ०.३ असतो, नाडी १३०. शरीर ताणात आहेच, पण तो ताण रक्त गेल्याचा आहे आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांवरच तिचं बीपी उभं आहे. इथे फेंटानिलचा किंवा प्रोपोफोलचा एक जास्तीचा डोस तो आधार काढून घेतो. वेगळं कसं ओळखायचं? बॅगवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णात लाटांची उंची श्वासागणिक खालीवर होते का बघा. प्रत्येक श्वासाला लाटांची रांग ठळकपणे डोलत असेल आणि बीपी खाली असेल, तर आधी द्रव पदार्थ, रक्त आणि सर्जनला एक प्रश्न : ‘सक्शनमध्ये किती आहे?’ काही मॉनिटरांवर हाच डोल ‘पीव्हीआय’ म्हणून आकड्यात येतो. किलोमागे ८ मिलिलिटर टायडल व्हॉल्यूमवर (एका श्वासात जाणाऱ्या हवेवर), ठोके नियमित असताना, १४ टक्क्यांच्या आसपासची मर्यादा वापरतात. उलट लाट सारखी बारीक आहे, डोल नाही, नाडी चढलेली आणि बीपीही चढलेलं, तर तो बहुधा शस्त्राचा ताण. बीपी कोणत्या बाजूला चाललंय हा या फरकातला सर्वांत भरवशाचा धागा आहे, म्हणून शंका आली की कफ लगेच हाताने चालू करा, पुढच्या वाचनाची वाट बघू नका. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा रात्रभर उपाशी ठेवलेला रुग्णही निम्मा वाळलेला असतो आणि चीर देण्याआधीच त्याची लाट डोलते.

ताणच आहे असं ठरलं तरी पहिला हात औषधाच्या ट्रेकडे जाऊ नये. व्हेपोरायझरमध्ये आयसोफ्लुरेन उरलंय का? प्रौढाला त्याचं एक मॅक (भुलेसाठी गॅसचं प्रमाण मोजायचं एकक) साधारण १.१५ टक्के, डायल १ वर आणि बाटली रिकामी, हे घडतं. सर्किट कुठे सुटलंय का? कॅन्युला टिश्यूत गेली का? तसं असेल तर तुम्ही दिलेलं फेंटानिल हाताच्या सुजेत पडून आहे. ईटीसीओटू (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) चढलाय का? तो शोषणारा सोडा लाइम संपला असेल किंवा श्वास कमी पडत असतील तर नाडी आणि बीपी त्यानेही चढतात. मूत्राशय तुंबलंय का? हे सगळं बघायला एक मिनिट पुरतं. त्यानंतर फेंटानिल किलोमागे ०.५ ते १ मायक्रोग्रॅम आणि पुन्हा तीन ते पाच मिनिटं थांबणं. एका मिनिटात पीआय वर आला नाही म्हणून दुसरा डोस दिला, की शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्ण श्वास घेत नाही. फेंटानिल संपलं असेल तर पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम शिरेतून, आणि सर्जनच्या हातून जखमेत ०.२५ टक्के बुपिव्हॅकेन, किलोमागे २ मिलिग्रॅमच्या आत. हे दोन्ही चीर देण्याआधी गेलेलं बरं. स्वस्त आहेत, रजिस्टरची कटकट नाही, आणि लाटेवर त्यांचा गोंधळ पडत नाही.

गोंधळ पाडणारी औषधं मात्र आपल्याच कपाटात जास्त आहेत. केटामिन सिम्पथेटिक चाळवतं. वेदना कमी झाली तरी नाडी चढलेली दिसते. पेंटाझोसिनचंही तसंच, नाडी-बीपी वाढवतं, म्हणून त्याच्यानंतरच्या आकड्यांवरून ‘कमी पडलं’ असा अर्थ काढू नका. नाडी वाढवणारं ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट दिल्यावर नाडीचा भाग काही काळ बाद. बीपी चढवणारं मेफेंटरमिन दिल्यावर नाडीही बाद आणि पीआयही बाद. बीटा-ब्लॉकरवर असलेल्या रुग्णाची नाडी चढतच नाही, तिथे पीआय एकटा उतरतो आणि तोच खरा मानावा लागतो. जुन्या मधुमेहात स्वायत्त नसा झिजलेल्या असतात, दोन्ही मंद. डेक्समेडेटोमिडिनने बोटं आवळतात आणि नाडी उतरते, म्हणजे चित्र अगदी उलटं. एट्रिअल फिब्रिलेशन किंवा पेसमेकर असेल तर हा नाद सोडा.

फवारणीच्या हंगामात ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण दुसऱ्याच कारणासाठी टेबलवर येऊ शकतो; यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले ते सर्वांना माहीत आहे. अशा रुग्णाला ॲट्रोपिन चालू असतं, नाडी १२० च्या वर असते, कातडी तापलेली असते. बाहुलीचाही उपयोग नाही, विषाने ती बारीक होते आणि ॲट्रोपिनने मोठी. त्यात सक्सिनिलकोलिन दिलं तर त्याचा असर लांबतो. तिथे गॅसचं प्रमाण, चिरेला होणारा बीपीचा बदल आणि वजनावर काढलेला वेदनाशामकाचा डोस, एवढ्यावरच भागवा.

सिकल सेलचा रुग्ण गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट या पट्ट्यात नेहमीचा. त्याच्यात कमी पीआयला वेगळं वजन आहे. आवळलेल्या, गार बोटांत रक्त रेंगाळतं आणि पेशी अडकायला तेवढं कारण पुरतं. इथे पीआय हे ताणाचं माप कमी आणि ऊब, पाणी, ऑक्सिजन नीट चाललंय का याची खूण जास्त. ओटीचा एसी बंद करा, सलाईन कोमट करून द्या, मगच वेदनेचा विचार.

स्पायनलमध्ये (पाठीच्या मणक्यात दिलेल्या भुलेत) हाच आकडा वेगळ्या कामाला येतो. बूपिव्हॅकेन आत गेल्यावर पायाच्या अंगठ्यावर प्रोब ठेवला तर पाच-दहा मिनिटांत तिथला पीआय चांगला चढतो, कारण खालच्या अंगाच्या सिम्पथेटिक नसा बंद पडल्या. चढलाच नाही तर ब्लॉक लागलाय का याची शंका घ्या आणि चीर देऊ देण्याआधी गार स्पिरिटच्या बोळ्याने तपासा. हाताच्या बोटाचा पीआय त्याच वेळी उतरू शकतो. वरचं अंग खालची उणीव भरून काढत असतं, तो वेदनेचा ताण नव्हे. सिझेरियनआधी हाताच्या बोटाचा पीआय ३.५ च्या वर असेल तर स्पायनलनंतर बीपी पडण्याची शक्यता जास्त, असं जपानच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं. त्यावर विसंबून बसू नका, पण असा आकडा दिसला तर मेफेंटरमिन किंवा फेनिलेफ्रिन सिरिंजमध्ये भरून ठेवायला काय जातं?

आता महागाचे मॉनिटर. सर्जिकल प्लेथ इंडेक्स, एसपीआय, हा जीईच्या मॉनिटरवर येतो. त्यावरचं पहिलं मोठं काम २००७ चं. त्याचं सूत्र उघड आहे : १०० वजा (०.७ गुणिले प्लेथची सामान्यीकृत उंची अधिक ०.३ गुणिले दोन ठोक्यांमधलं सामान्यीकृत अंतर). म्हणजे सत्तर टक्के वजन लाटेला, तीस टक्के नाडीला; लाट आणि नाडी जोडीने वाचा असं वर म्हटलं त्याचंच हे गणिती रूप. २० ते ५० च्या दरम्यान ठेवायचा, ५० च्या वर गेला किंवा एकदम उसळला तर वेदनाशामक कमी पडतंय असं मानायचं. नॉल इंडेक्सचा प्रोब लाटेसोबत कातडीचा घाम, तापमान आणि हालचालही मोजतो. तिथे १० ते २५ ठीक, २५ च्या वर मिनिटभर टिकला तर लक्ष द्या. इन्फ्रारेड प्युपिलोमीटर बाहुलीचं रुंदावणं मोजतो. एसपीआय वापरून काही अभ्यासांत ओपिऑइड कमी लागलं, काहींत फरक पडला नाही. वर सांगितलेली औषधं यांनाही तितकंच फसवतात, फक्त आकडा रुबाबदार दिसतो. यांपैकी कशानेही रुग्ण आतून जागा आहे की नाही ते कळत नाही. शिथिल केलेल्या रुग्णात त्यासाठी गॅसचं प्रमाणच बघावं लागतं. जोडीला फुकटचा पीआरएसटी आहेच : बीपी, नाडी, घाम आणि अश्रू, प्रत्येकाला ० ते २ गुण. डोळ्याची पट्टी हळूच उचलून अश्रू बघायला काही खर्च नाही.

रुग्णकल्याण समितीकडे पैसे मागायचेच असतील तर माझ्या मते क्रम असा : ईटीसीओटूचं मॉड्यूल, मॉनिटरची दोन तास टिकणारी बॅटरी, दोन जास्तीचे प्रोब, रुग्ण झाकायला गरम हवेचा ब्लोअर. एसपीआय त्यानंतर, तेही जिथे रोज पूर्ण भुलेच्या केसेस होतात तिथे. प्रोब वेगळ्या बनावटीचे मिसळू नका. कनेक्टर बसतो म्हणून एसपीओटू आणि पीआय बरोबर येईलच असं नाही. प्रोबची वायर क्लिपजवळ आधी तुटते, लाट मध्येच सपाट होऊन परत येते ती त्यामुळे. आणि केस दोन तासांच्या वर गेली तर प्रोब दुसऱ्या बोटावर हलवा आणि चार्टवर बोट बदलल्याची वेळ लिहा, कारण बोटाबरोबर बेसलाइनही बदलते.